एका टोपीवर दोघी

गुआबालच्या चढावर, जिथं सकाळचं धुकं गावात सगळ्यांत उशिरा उठतं, तिथं पाचाय बहिणींचं घर आहे. बांबूच्या भिंती, लाकडी खांबांवर उचललेली जमीन आणि खाली उकरत फिरणाऱ्या कोंबड्या. थोरली एर्मेलिंदा, धाकटी लिओनिला. दोघींनी लग्नं केली नाहीत. गावात त्यांना एकेकीच्या नावानं क्वचितच कुणी हाक मारायचं. पाचायणी आल्या, पाचायणींना विचारा, असंच लोक म्हणत. दोघी मिळून एकच बाई असल्यासारखं. आणि टोपीच्या बाबतीत ते खरंच होतं.

आमच्याकडची बारीक टोपी बसून विणता येत नाही. तीन पायांच्या उंच तिवईवर लाकडी ठोकळा असतो, ठोकळ्यावर टोपी, टोपीवर चिंध्यांची उशी, आणि त्या उशीवर विणणाऱ्याची छाती. कमरेतून वाकायचं, सगळा भार छातीवर द्यायचा म्हणजे टोपी हलत नाही, हात दोन्ही बाजूंनी खाली सोडायचे आणि कासवासारखी मान पुढं काढून काठाच्या विणीत डोळे घालायचे. तोकिया म्हणजे ताडासारखं एक झाड, त्याच्या कोवळ्या पानाची काडी केसासारखी चिरलेली असते. ओली आहे तोवर ती सांगाल तशी वाकते, ऊन लागलं की कडक होऊन मोडते. म्हणून काम पहाटेच्या धुक्यात, आणि नंतर उन्हं उतरल्यावर. एका टोपीला महिनोन् महिने जातात. तेवढे महिने मान तशीच लोंबत असते.

दुसरा कायदा असा, की एका टोपीला एकच हात. हात बदलला की ताण बदलतो, आणि ताण बदलला की टोपी उजेडात धरल्यावर फेऱ्यांमध्ये एक रेघ दिसते, कापलेल्या ओंडक्यात दुष्काळाचं वर्ष दिसावं तशी. बापाची टोपी मुलगा पुरी करू शकत नाही. बायकोची नवरा करू शकत नाही. विणणारा मेला तर त्याची अर्धी टोपी अर्धीच राहते.

पाचायणींच्या टोपीत रेघ दिसत नसे. गावात ही एकच जोडी. मोंतेक्रिस्तीच्या बाजाराला माल नेणारा दॉन तार्किनो मेरो याला हे बरीच वर्षं पटलं नव्हतं. एका जत्रेत त्यानं कोंबडीची पैज लावली. भिंग घेऊन टोपी सूर्याकडं धरून तो चर्चच्या पायरीवर घाम पुसत बसला, आणि शेवटी एका जागी बोट ठेवून म्हणाला, "इथं. इथं थोरलीनं सोडलं आणि धाकटीनं धरलं."

एर्मेलिंदा जवळ जाऊन ती जागा नीट पाहून म्हणाली, "मालक, तिथं मला शिंक आली होती. धाकटी त्या दिवशी नदीवर तुमच्याच बायकोबरोबर धुणं बडवत होती. विचारा घरी जाऊन."

कोंबडी शेंगदाण्याच्या रश्श्यात शिजली, आणि तार्किनोनंही त्यातली वाटी खाल्ली. त्या दिवसापासून पाचायणींच्या टोपीला तो भिंग लावीत नसे.

हात जुळण्याचं कारण साधं होतं. लिओनिला लहान असताना आई देल्फिनाची बोटं आखडत चालली होती, शिकवणं तिला जमेना. तेव्हा लिओनिलाला एर्मेलिंदाच्या पोटाशी उभं करत, आणि ती आपली इवली बोटं ताईच्या बोटांवर ठेवून सकाळभर विणकाम अनुभवत राही. काडी कधी ओढायची, कधी नुसती दाबायची, अंगठ्यानं कुठं थांबायचं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलंच नाही. ताईच्या बोटांतून ते तिच्या बोटांत उतरलं.

देल्फिनाची मान शेवटी इतकी वाकली, की तिला समोरचं माणूस पायांवरून ओळखावं लागे. आली का ग तू, म्हणे, आणि हे म्हणताना तुमच्या चपलांकडं बघत असे. ती गेली तेव्हा शवपेटीत मान टेकेना. सुताराला काही सुचेना. एर्मेलिंदानं आपली शाल घडी घालून घालून आईच्या डोक्याखाली भरली, तेव्हा कुठं ते डोकं टेकलं. शाल भरता भरता ती धाकटीला म्हणाली, "तुझी अशी होऊ द्यायची नाही."

लिओनिलानं तेव्हा मान हलवली. ताई फक्त तिच्याबद्दल बोलली, स्वतःबद्दल नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही. शोकाच्या दिवसांत माणूस शब्द मोजत नाही.

त्यानंतर दोघींनी पाळी लावली. एक फेरा एकीनं घालायचा, पुढचा दुसरीनं. एक उशीवर वाकलेली असताना दुसरीनं सरळ राहायचं, कॉफी दळायची, काड्या चिरायच्या, कोंबड्यांना मका टाकायचा. ज्या गावात प्रत्येक जण आपल्या टोपीशी एकटाच बांधलेला होता, तिथं ही मोठीच चैन होती. लोकांना हेवा वाटे.

मग चर्चच्या शेजारी दवाखान्याची एक खोली झाली आणि तिथं यादिरा नावाची बाई आठवड्यातून एकदा येऊ लागली. हाडांची, सांध्यांची, व्यायाम शिकवणारी. तिनं एका संध्याकाळी सगळ्या विणकरांना अंगणात उभं केलं. भिंतीला पाठ लावा, म्हणाली, आणि मान वर-खाली न करता हनुवटी सरळ मागं घ्या, टेबलाचा उघडा खण आत सारतात तशी. गळ्याखाली वळी पडेल, पडू द्या. दोन-तीन श्वास तिथंच थांबा आणि सोडा. मग डोकं सावकाश एका खांद्याकडं वळवा, ताण लागतो तिथंवर, दुखतं तिथंवर नव्हे. मग दुसरीकडं. मग कान खांद्याकडं झुकवा, पण खांदा वर नेऊन कानाला भेटवू नका. पाठीवरची दोन्ही पाती एकमेकांकडं ओढा, जणू मधे काहीतरी धरायचंय. डोकं गरगर फिरवू नका, कुणाकडून मान कडकड मोडून घेऊ नका. आणि हाताला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, तर व्यायाम थांबवून माझ्याकडं या.

हनुवट्या मागं घेतलेले सगळे विणकर एकमेकांकडं बघून हसायला लागले. तार्किनो कुंपणाबाहेरून म्हणाला, की माझ्या सगळ्या विणकरांना आज गलगंड झालेला दिसतो. यादिरा त्याला म्हणाली, दादा, तुम्हीही या आत, तुमची मान तर टोप्या उन्हाकडं धरून बघून बघून मागं गेलीय. त्यावर तोच जास्त हसला. पण दुसऱ्या आठवड्याला अंगणात निम्मे लोक आले, आणि तिसऱ्याला त्याहून कमी. तिनं आणखी एक सांगितलं होतं, की तिवई तळहातभर उंच करा, म्हणजे इतकं वाकावं लागणार नाही. ते कुणीच केलं नाही. उंच तिवईवर छातीचा भार नीट पडत नाही, असं सगळ्यांचं मत होतं.

लिओनिलानं मात्र ते व्यायाम मनावर घेतले. स्वतःची पाळी संपली की ती मागच्या भिंतीला पाठ लावून उभी राही, डोळे मिटून हनुवटी आत घेई, आणि मानेतलं ते जुनं ओझं कुणी हलक्या हातानं उतरवून घेतल्यासारखं तिला वाटे. डोकेदुखी थांबली. रात्री कुशीवर वळताना जाग येईनाशी झाली. ताईलाही तिनं बोलावलं. एर्मेलिंदा उशीवरूनच म्हणे, "माझ्या वाटचंही तूच करून टाक. मान काय, एकाच घरातली आहे."

आणि लिओनिला भिंतीशी सावकाश करत राही, कारण ताई सांगे की सावकाश कर, घाई नाही. ती परत येई तेव्हा ताईचा फेरा संपून पुढचा सुरू झालेला असे. लिओनिलाचा. एर्मेलिंदा वर न बघता म्हणे, की आता हात लागलाय तर थोडंसं घालते, तू केळी सोलून घे. लिओनिला केळी सोलून घेई. किती फेरे असे गेले, कुणाला ठाऊक. टोपीत तर ते दिसायचं नाही. एर्मेलिंदाचा फेरा कुठला आणि लिओनिलाचा कुठला, हे ओळखता आलं असतं तर त्यांची टोपी पाचायणींची राहिलीच नसती. लिओनिलाला कधीतरी मनात टोचे. पण मान हलकी असली की मनाला टोचलेलं लवकर विसरतं.

मग एका सकाळी एर्मेलिंदाच्या हातातून कॉफीचा कप सुटला. तिनं कपालाच शिव्या दिल्या. नंतर चिरताना काड्या सुटू लागल्या. उजव्या खांद्यातून कोपरापर्यंत निखारा ठेवल्यासारखं होतं, हे तिनं बऱ्याच दिवसांनी सांगितलं, आणि तेही कारण लिओनिलानं तिला पोळलेल्या बोटासह पकडलं म्हणून. अंगठा आणि त्याशेजारचं बोट चुलीच्या कडेला लागून भाजलं होतं आणि तिला ते कळलंच नव्हतं. पलीकडच्या गावात मान झटकून देणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडं जाऊन येते, म्हणाली. लिओनिला दारात आडवी उभी राहिली. यादिराकडं चल, नाहीतर मी तार्किनोला सांगते, म्हणाली. तार्किनोला कळण्यापेक्षा यादिरा बरी, म्हणून एर्मेलिंदा गेली.

यादिरानं तिला अंगठा शेजारच्या बोटाला टेकवून दाबायला सांगितलं, आणि ते जमेना हे पाहून यादिराचाच चेहरा उतरला. त्याच आठवड्यात किनाऱ्यावरच्या शहरात मोठ्या इस्पितळात नेलं. मानेचं चित्र काढलं. तिथला डॉक्टर तरुण होता, हळू बोलणारा. मानेच्या मणक्यांमधली फट झिजून अरुंद झाली आहे, म्हणाला, आणि हाताकडं जाणारी शीर तिथं चेपली जाते. अजून वेळ आहे. ठोकळ्यावर वाकणं बंद करा. पूर्ण बंद. काही दिवस गळपट्टा, हलके व्यायाम, उशी पातळ. शीर मोकळी झाली तर हात परत येईल. पण ताकद आणखी उतरली तर थांबू नका, लगेच या, मग ऑपरेशन करावं लागेल, आणि उशीर झाला तर तेही हात परत देईलच असं नाही.

परत येताना बसमध्ये एर्मेलिंदा खिडकीकडं बघत होती. मधेच म्हणाली, "काठ अजून अर्धा राहिलाय."

हे खरं होतं. ठोकळ्यावर त्या वेळी जी टोपी होती, ती दोघींच्या हातून उतरलेल्या सगळ्यांत बारीक टोप्यांपैकी एक होती. तिचा माथा गुळगुळीत, पाणी धरेल असा. काठ अर्धा झालेला. लिओनिला म्हणाली, की उरलेला मी घालते, तू हात सांभाळ.

घरी सगळं बदललं. यादिरानं एर्मेलिंदाला शिकवलेले व्यायाम अगदी मऊ होते. हनुवटी जेमतेम आत. मान वळवायची ती ज्या बाजूला हाताला मुंग्या येत नाहीत त्या बाजूला, आणि आल्या की थांबायचं. खांदे मागं गोल फिरवायचे. गरम पाण्यात पिळलेला कपडा मानेवर ठेवून आधी स्नायू सैल करायचे. खांबांना टांगलेल्या झोळीत झोपणं बंद, कारण झोळीत मान कमानीसारखी वाकते. हे ऐकून एर्मेलिंदा म्हणाली, "टोपी काढून घेतली, झोळी काढून घेतली. कॉफी तेवढी राहिलीय, तीही उद्या घेऊन जा, डॉक्टरीणबाई."

लिओनिला रोज कपडा पिळून देई, आणि मग उशीवर वाके. पण आता पाळी देणारं कुणी नव्हतं. दोघींचं काम एकटीवर. संध्याकाळी ती अंथरुणावर पडे तेव्हाच झोपलेली असे. पहाटे पूर्वी तिला कोंबड्याआधी जाग यायची, आता धुकं विरळ व्हायला लागल्यावर ताई तिला हलवून उठवी आणि हातात कॉफी देई. व्यायाम केलेस, असं लिओनिला विचारी. केले, असं एर्मेलिंदा म्हणे. काठ मात्र पुढं सरकत होता. लिओनिलाला वाटे, आपला हात चालायला लागला. एकटीनं दोघींच्या जवळपास वेग. कधी नव्हे तो तिला आपल्या हाताचा अभिमान वाटला, आणि ती तो ताईला बोलूनही दाखवी. एर्मेलिंदा मान डोलवी, आणि लगेच हातानं मान धरी.

शंका लिओनिलाला आली नाही असं नाही. ताई टोपीपासून लांब राहणारी बाई नव्हे, हे तिला कळत होतं. म्हणून ती रोज सकाळी काठ उजेडात धरून तपासे. दुसऱ्या हाताची खूण शोधे. एकही रेघ नसे. सगळी वीण तिची, सलग, तिच्या ताणाची. मग ती निश्चिंत होई आणि कामाला लागे. शेकडो काड्या लोंबत असतात, आपण काल नेमकं कुठं सोडलं हे कुणाला आठवतं. एखादी काडी उलटी वळवून खूण करून ठेवता आली असती. पण थोरल्या बहिणीवर खूण ठेवायची, हे तिच्यानं झालं नाही.

आमच्या गावाबाहेरचं माणूस असतं तर त्यानं ताईचं अंथरूण चाचपून पाहिलं असतं, तिच्या पायाला लागलेलं दव पाहिलं असतं. लिओनिलानं वीण पाहिली. जन्मभर ज्याचा दोघींनी तोरा मिरवला, त्यावरच तिनं भरवसा ठेवला.

धुक्याचे दिवस संपत आले तेव्हाची गोष्ट. लिओनिलानं सकाळी काठ उचलून दाराच्या उजेडात धरला आणि तिला भोकं दिसली. टाचणीच्या टोकाएवढी, बोटभर लांबीत, एकापाठोपाठ एक, जणू विणीत बारीक खिडक्या उघडल्या होत्या. आधी तिला वाटलं, आपलाच हात थकला. मग तिनं त्या जागेवर नख फिरवलं. काड्या एका बाजूनं घट्ट होत्या, दुसऱ्या बाजूनं नुसत्या टेकलेल्या. अंगठ्यानं जिथं ओढायचं, तिथं ओढलेलंच नव्हतं. लिओनिलानं आपला अंगठा पाहिला. तो धडधाकट होता.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला टोपीत ताईचा हात वेगळा दिसला.

एर्मेलिंदा चुलीपाशी होती. हिरवं केळं डाव्या हातानं सोलत होती, उजवा मांडीवर ठेवलेला. लिओनिला टोपी ठोकळ्यावर ठेवून आली आणि समोर बसली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

एर्मेलिंदानं केळं खाली ठेवलं. "इस्पितळातून आलो तेव्हापासून. रोज नाही. तू दमून पडलेली असायचीस."

"मी रोज बघत होते, ताई. मला दिसलं नाही."

"तुला कसं दिसेल? ते तुझंच तर दिसतं."

"तुला हात हवा होता की टोपी?"

एर्मेलिंदानं सोललेलं केळं भांड्यात टाकलं. मग म्हणाली, "तू एकटी वाकलेली मला बघवेना. आईसारखी व्हायला लागलीस. मागून बघितलं की आईच."

लिओनिलानं तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि दाब म्हणाली. एर्मेलिंदानं दाबलं. चार बोटांनी थोडंसं. अंगठा तसाच, उन्हात पडलेल्या काडीसारखा, जिथं ठेवला तिथं.

त्याच दिवशी तार्किनोच्या टेम्पोतून इस्पितळात गेल्या. वाटेत तार्किनोनं एकही चेष्टा केली नाही, यावरूनच लिओनिलाला कळलं की सगळ्यांना कळलंय. ऑपरेशन झालं. खांद्यातला निखारा विझला, दुखणं पायांकडंही उतरेल अशी भीती होती, ते तिथंच थांबलं. डॉक्टर म्हणाला, मान वाचली, आता व्यायाम सोडायचे नाहीत, जन्मभर. अंगठ्याबद्दल लिओनिलानं विचारलं. तो म्हणाला, वाट बघू. पण ते सांगताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. वाट पाहिली. कोरडे दिवस आले आणि गेले. अंगठा आला नाही.

टोपी ओल्या फडक्याखाली तशीच होती. लिओनिला तिच्याकडं जात नव्हती. तार्किनो एकदा आला, फडकं उचललं, भिंग खिशातून काढलंही नाही. ती जागा साध्या डोळ्यांना दिसत होती. फडकं परत घालून तो अंगणात आला. मग लिओनिलाला म्हणाला, की ती जागा उसवून पुन्हा घाल, मी कितीही थांबेन, आणि अशीच द्यायची तर अशीच घेईन, कुणाला सांगणार नाही.

लिओनिला म्हणाली की उसवणार नाही. ताईच्या हातची शेवटची वीण आहे ती. मी काढणार नाही.

एर्मेलिंदा पडवीत खुर्चीवर बसलेली होती, पाठीला उशी, मान सरळ. तिनं तिथूनच सांगितलं, "उसव."

"ताई."

"माझ्या हाताची इतकी वाईट वीण बाजारात हिंडायला नको. बोटभर भोकं ठेवून मला जन्मभर कुणाकुणाच्या डोक्यावर बसवणार आहेस? उसव."

तार्किनो तिथून निघून गेला.

पुढच्या पहाटे धुकं होतं. लिओनिलानं टोपी ठोकळ्यावर चढवली, छाती उशीवर टेकवली आणि एकेक काडी मागं काढू लागली. ताईची खुर्ची तिनं जवळ ओढून आणली होती. विणणं पुढं जातं तेव्हा हात आपोआप चालतात. उसवताना प्रत्येक काडी विचारावी लागते. काडी सुटली तरी तिच्यात घातलेले वळसे जात नाहीत. एर्मेलिंदाच्या बोटांनी जिथं जिथं मुडपली होती, तिथं ती मुडपलेलीच राहिली, नागमोडी, हवेत लोंबत. लिओनिला पाण्याची बोटं लावून तिला सरळ करू पाही. ती थोडी सरळ होई आणि पुन्हा आपल्या वळणावर जाई.

भोकं संपली. वीण पुन्हा घट्ट लागली. लिओनिला थांबली.

"कुठपर्यंत जाऊ?" तिनं विचारलं. "याच्या मागंही तुझंच आहे. तू तेव्हापासून घालत होतीस."

"तुझं वाटेल तिथं थांब."

लिओनिलानं काठावर बोट फिरवलं. पुढं, मागं, पूर्ण फेऱ्याभर. डोळे भरल्यामुळं आता तिला वीण दिसतही नव्हती, नुसती बोटालाच लागत होती.

"सगळंच माझं वाटतं," ती म्हणाली.

"मग थांब तिथंच."

आणि तिथून लिओनिला पुन्हा विणू लागली. ताईच्या वळशांच्या काड्या घेऊन, ताईच्या बोटांतून उतरलेल्या ताणानं, एकटी. थोडं झालं असेल, दोन बोटं, तोच एर्मेलिंदा म्हणाली, "ऊठ."

"आत्ताच तर हात बसलाय."

"ऊठ म्हणते ना. भिंतीला लाग."

ती स्वतः खुर्चीवरून उठली. सावकाश, दोन्ही हातांनी खांब धरून, त्यातला एक हात नुसताच टेकवून. भिंतीला पाठ लावली. इतक्या दिवसांत कुणी न सांगता ती पहिल्यांदाच तिथं उभी राहिली होती. हनुवटी मागं घेतली, जेमतेम, शिकवली तेवढीच, आणि श्वास धरून थांबली. मानेच्या मागं ऑपरेशनची खूण ताणली गेली. तिच्या हाताला आता या व्यायामाचा काही उपयोग नव्हता. मानेला होता, आणि शेजारी उभं राहणाऱ्या मानेला होता.

लिओनिला येऊन तिच्याजवळ उभी राहिली. पाठ टेकवली, हनुवटी आत घेतली. मान सरळ झाली तसं डोळ्यांतलं पाणी गालांवरून गळ्यापर्यंत उतरलं, आणि तिला ते पुसता येईना, कारण हात हलवला की खांदे पुढं येतात.

समोर धुकं उठायला लागलं होतं. उन्हाचा पहिला पट्टा अंगणात, कोंबड्यांवर आणि मग तिवईच्या पायाशी आला. लिओनिला डोकं न वळवता म्हणाली, "ताई, काड्या वाळतील."

"वाळू देत," एर्मेलिंदा म्हणाली. "आता डावीकडं वळव. हळू."